कोरसवाला

“अहो, पाणी जायची येळ झाली. आधी बादली भरा, मग गा!” चिमाबाईने न्हाणीघराच्या दारावर थाप मारली.

आतलं गाणं थांबलं. नळाची धार बादलीत पडू लागली आणि तिच्या आडोशाने भीमराजने पुन्हा सुरुवात केली, “गावकुसाची वेस सोडली, भीमानं धरला हात...” ओळ जोरात निघाली, मध्यावर लटपटली आणि ‘हात’पर्यंत पोचेतो पार कोसळली.

“शब्द बराबर हायेत,” चिमाबाई बाहेरून म्हणाली, “पर सूर मागनं धरताय तुमी. कुणीतरी म्होरं चालल्यागत.”

“म्होरं कुणी न्हाई आता. म्हणून तर बोंब हाय.”

निगडीच्या ओटा स्कीममध्ये, म्हणजे सरकारने दिलेल्या नुसत्या ओट्यावर ज्याने त्याने बांधलेल्या घरांत, भिंतीला भिंत लागलेली. एका घरात खोकला काढला तर दुसऱ्या घरातून काढ्याचा सल्ला येतो. त्यामुळे भीमराज हल्ली न्हाणीघरात काय करतो हे अख्ख्या गल्लीला पाठ झालं होतं. समोरचा रिक्षावाला तर त्याला पाहिलं की “चल गड्या, चल गड्या” म्हणायचा आणि भीमराज हसून उत्तर द्यायचा. ते त्याला सोपं होतं, कारण ‘चल गड्या’ हा कोरस होता. आयुष्यभर तो तेवढाच गात आला होता.

हे सगळं लचांड मैत्रीने लावलेलं. मैत्री म्हणजे भीमराजची नात, चाकणच्या एका कंपनीत क्वालिटीला आहे. दिल्लीच्या संस्कृती मंत्रालयाची माणसं या भागातल्या जुन्या गायकांची गाणी ध्वनिमुद्रित करायला येणार, ती कायमची जपून ठेवणार, असं तिने कंपनीच्या बसमध्ये मोबाइलवर वाचलं आणि तिथूनच आजोबांचं नाव कळवून टाकलं. आजोबांना विचारलं नाही. विचारलं असतं तर “मी कोरसवाला, मला काय करायचंय?” एवढंच ऐकायला मिळालं असतं.

बोलावणं आल्यावर भीमराज तेच म्हणाला. पण नकार कळवायच्या आधी तो थेरगावला सोजराबाईकडे गेला. सोजराबाई ही धम्मरत्नची, त्याच्या जुन्या पार्टीतल्या मुख्य गायकाची बायको, आणि गाणं धम्मरत्नचं. तिला न विचारता नको म्हणणंही त्याला बरं वाटेना.

सोजराबाईने त्याला पाणी दिलं. मग म्हणाली, “भावजी, शेवटच्या कडव्यात त्यांचं नाव येतं. ते मला एकदा गाण्यात ऐकायचंय. त्यांचा आवाज न्हाई ऱ्हायला, गाणं तरी ऱ्हाऊ द्या.”

त्यावर भीमराज “व्हय वहिनी” म्हणून बसला. शब्द देऊन झाला, आता गळ्याने साथ द्यायला हवी होती.

भोसरीच्या कंपनीत प्रेस शॉपला धम्मरत्न आणि भीमराज शेजारी शेजारी होते. त्या धडाडधूममध्ये स्वतःचं बोलणं स्वतःला ऐकू येत नसे, पण धम्मरत्नला गाणी सुचायची ती नेमकी तिथेच. पत्रा सरकवता सरकवता तो एकदम वळायचा आणि भीमराजच्या कानाशी तोंड नेऊन ओळ ओरडायचा. ती ध्यानात ठेवणं भीमराजचं काम. जेवणाच्या सुट्टीत कॅन्टीनच्या बाकावर भीमराज ओळ परत द्यायचा आणि धम्मरत्न खूश होऊन त्याच्या डब्यातली निम्मी भाकरी खायचा. कोपऱ्यात ज्योतीराम बसलेला असे. तो लातूरकडचा, मेंटेनन्सला होता, देवळात भजनाला ढोलकी वाजवायचा. त्याने एकदा बाकावर बोटं वाजवून ठेका धरला आणि तिथेच ‘नवप्रकाश गायन पार्टी’ उभी राहिली. पेटीवाला पुढे मिळाला आणि पुढे गावी निघूनही गेला, हे तिघे टिकले.

काय दिवस होते ते! एप्रिल आला की पार्टीला श्वास घ्यायला फुरसत नसे. पिंपरी, देहूरोड, खडकी, चाकणच्या अलीकडची पलीकडची गावं, जिथे निळी कमान तिथे नवप्रकाश. टेम्पोत सतरंजी टाकून जायचं, मिळेल ते खायचं, आणि पहिल्या पाळीला पुन्हा कार्ड पंच करायचं. सुपरवायझर डोळे वटारायचा, पण त्याच्याच पोराच्या बारशाला पार्टी फुकट गायली होती, त्यामुळे त्याचं वटारणं तिथल्या तिथे राहायचं.

पार्टीत धम्मरत्नचा एक नियम होता. मुख्य गायकाची ओळ ती मुख्य गायकाची. तो अडला, विसरला, खोकला, काहीही झालं तरी कोरसवाल्याने त्या ओळीला हात लावायचा नाही. टाळी चालू ठेवायची, वेळ झाली की आपला कोरस म्हणायचा आणि त्याला दम घ्यायला जागा द्यायची. “माझं मला सापडू दे,” धम्मरत्न म्हणायचा, “तू फकस्त दार उघडं ठेव.”

एकदा देहूरोडला दोन पार्ट्यांचा सामना रंगला होता आणि धम्मरत्नला ऐन कडव्यात ओळ आठवेना. समोर एवढा जनसमुदाय, शेजारच्या स्टेजवर हसू दाबून बसलेली दुसरी पार्टी. भीमराजला ओळ जिभेवर होती. तरी त्याने ती म्हटली नाही. टाळी वाजवत तो “चल गड्या, चल गड्या, उजाडलं रं दारात” एवढंच म्हणत राहिला, डावीकडे धम्मरत्नच्या तोंडाकडे बघत. कधी हळू, कधी चढ्या सुरात. लोकांना वाटलं ही पार्टीची करामतच आहे. लोक टाळ्या वाजवायला लागले आणि त्या टाळ्यांत धम्मरत्नला ओळ सापडली. सामना नवप्रकाशने मारला. खाली उतरल्यावर धम्मरत्नने भीमराजला मिठी मारली.

कॅसेट काढायचा बेत किती वेळा ठरला आणि मोडला याला गणती नाही. कधी कंपनीत संप, कधी कुणाचं लग्न, कधी स्टुडिओवाल्याचाच पत्ता नाही. पुढे सगळ्यांच्या खिशात मोबाइल आले, वाटलं तर उभ्या उभ्या गाणं भरून घ्यावं. पण तोवर धम्मरत्नला घशाचं दुखणं लागलं होतं. ऑपरेशन झालं, जीव वाचला, आवाज गेला. नंतरची वर्षं तो खाणाखुणांनी बोलायचा. जयंतीला तिघे मिरवणूक बघायला उभे राहायचे तेव्हा त्याचे ओठ हलायचे आणि भीमराज शेजारी उभा राहून हळूच कोरस म्हणायचा. मागच्या वर्षी तो गेला.

असा गडी गेल्यावर त्याची ओळ म्हणायची म्हणजे काय खायचं काम आहे? भीमराजची तर पाचावर धारण बसली होती.

ठरल्या दिवशी सकाळीच ज्योतीराम मोशीहून ढोलकी घेऊन आला. गुडघे गेले होते, पण ढोलकी त्याने मुलाला उचलू दिली नाही. प्राधिकरणातल्या सभागृहात बाहेरच्या खुर्च्यांवर बरीच मंडळी बसली होती. एक तुतारीवाले पाव्हणे होते, जात्यावरच्या ओव्या म्हणणाऱ्या दोन आज्या होत्या, एक शाहीर गळ्यात मफलर गुंडाळून बसला होता, उन्हाळ्यात.

“भावा, एक इचारू का?” ज्योतीराम म्हणाला. “दिल्लीत गाणं, कबड्डी आन् सहल ही समदी खाती शेजारी शेजारीच असत्यात म्हणं. आपलं गाणं चुकून सहलीच्या कपाटात गेलं तर रं?”

“तर लोक वटा स्कीम बघायला येतील. चिमी च्या करून करून दमंल.”

दोघे हसले. पण भीमराज ओठातल्या ओठात पहिली ओळ पुन्हा पुन्हा घोळवतोय हे ज्योतीरामला दिसलं. त्याने विषय बदलला नाही, नुसता त्याचा हात धरून ठेवला.

आत दिल्लीच्या मॅडम होत्या. चाळिशीच्या, सुती साडी, बोलणं मऊ. त्यांनी उठून नमस्कार केला, पाणी दिलं, माइक भीमराजच्या उंचीला लावून घेतला. “आराम से, बाबूजी. कोई जल्दी नहीं है.”

ज्योतीरामने ढोलकीवर थाप टाकली. आणि काय सांगावं, बोटं म्हातारी झाली होती पण ठेका तरणाताठा होता. सुरुवातीचा तुकडा फिरला, समेवर आला. इथे मुख्य गायकाने ओळ उचलायची.

भीमराजने श्वास घेतला. आणि त्याची मान डावीकडे वळली.

डावीकडे पडदा होता. भीमराज पडद्याकडे बघत टाळी वाजवत राहिला. ओळीला लागतो तेवढा वेळ गेला, आणि बरोब्बर जिथे यायला हवा तिथे त्याच्या गळ्यातून कोरस आला, “चल गड्या, चल गड्या, उजाडलं रं दारात!” आवाज असा खणखणीत की कोपऱ्यातल्या ध्वनिमुद्रणवाल्याने दचकून कानावरचा हेडफोन सैल केला.

मॅडमना वाटलं गाण्याची सुरुवातच ही. त्या मान डोलवू लागल्या. पुन्हा ठेका फिरला, पुन्हा शांतता, पुन्हा कोरस. मग त्यांनी हात वर केला. “बाबूजी, बीच में कुछ छूट रहा है क्या?”

“चुकलं, मॅडम. एक बार फिरसे करता,” भीमराज म्हणाला.

या वेळी त्याने डोळे मिटून घेतले. डावीकडे बघायचंच नाही असं ठरवलं. ठेका समेवर आला तसा तो म्हणाला, “गावकुसाची...” आणि थांबला. स्वतःचा आवाज त्याला परका वाटला. जेवत्या माणसाच्या ताटात हात घालावा तसं वाटलं. ताटावरचा माणूस जरा हात धुवायला उठलाय आणि आपण त्याचा घास उचलतोय. त्याला रडू आलं, आणि रडू आलं म्हणून लाज वाटली.

ज्योतीरामने ढोलकी बाजूला ठेवली. “मॅडम,” तो म्हणाला, “बीचकी लाइन इसकी नहीं है. वो धम्मरत्न गाता था. वो गया पिछले साल. ये कोरसवाला है. चालीस साल इसने दूसरे की लाइन को हात नहीं लगाया.”

मॅडमनी खुर्ची जवळ ओढली. मग त्यांनी विचारलं, शब्द येतात का? भीमराजने सगळी कडवी घडाघडा बोलून दाखवली. “गावकुसाची वेस सोडली”पासून, मधलं “अंगठा गेला, सही आली, लेखणी आली हातात” घेऊन, शेवटच्या “धम्मरत्नाचं गाणं गड्या, जपून ठेव उरात”पर्यंत, एक काना इकडचा तिकडे नाही. ध्वनिमुद्रणवाल्याने ते भरून घेतलं. शब्द तरी वाचले. पण गाणं बोलून दाखवणं म्हणजे भाकरीचं वर्णन करणं, हे तिथे बसलेल्या सगळ्यांनाच कळत होतं.

“अब जैसे आता है, वैसे ही गाइए,” मॅडम म्हणाल्या. “बीच में रोकेंगे नहीं.”

मग भीमराज गायला. ओळीपुरती शांतता, नुसती टाळी आणि ढोलकी, मग कोरस. प्रत्येक कडव्याला मान डावीकडे. शेवटचं कडवं आलं तसं त्याच्या मनात सोजराबाई उभी राहिली. नाव इथे होतं. ज्योतीरामलाही ते ठाऊक होतं. त्याने ठेका बारीक केला, एक आवर्तन जास्तीचं फिरवलं, धम्मरत्न असता तर शिवी हासडली असती इतकं लांबवलं, की घे भावा, घे, अजून जागा आहे. भीमराजने तोंड उघडलं. घशाशी नाव आलं होतं. आणि नियम मोडायच्या बेताला आलेला तो गडी पुन्हा टाळीकडे वळला, कोरस म्हणाला आणि गाणं संपलं.

“गायक का नाम?” ध्वनिमुद्रणवाल्याने विचारलं.

“धम्मरत्न,” भीमराज म्हणाला.

“नहीं, आपका नाम.”

“मेरा भीमराज. पर गायक धम्मरत्न. मैं कोरस.”

त्या माणसाने मॅडमकडे पाहिलं. मॅडम म्हणाल्या, “जैसा वो कह रहे हैं, वैसा ही.” आणि त्यांनी ते ध्वनिमुद्रण ज्योतीरामच्या मोबाइलवरही पाठवून दिलं.

सभागृहाबाहेर आल्यावर भीमराज पायरीवर बसला. “मी घरी जातो. वहिनीला तू सांग.”

“मी न्हाई सांगणार. शब्द तू दिलायस.”

“काय तोंड दाखवू रं? एक नाव म्हणायचं होतं. एक! तेवढं पण झालं न्हाई माझ्याच्यानं.”

“तोंड हाय तेच दाखव. दुसरं कुठून आणणार?” ज्योतीरामने ढोलकी त्याच्या मांडीवर ठेवली. “ऊठ. थेरगावची बस लागली आसंल.”

बसमध्ये भीमराज खिडकीबाहेर बघत बसला. पूर्वी याच रस्त्याने कंपन्यांचे भोंगे एकामागोमाग एक व्हायचे आणि सायकलींचा लोंढा असा निघायचा की रस्ता ओलांडायला तो सरायची वाट बघावी लागे. आता जिथे भिंती होत्या तिथे काचा आल्या होत्या. त्यांची भोसरीची कंपनीही अशीच गेली, तिच्या जागी आता उंच इमारती आहेत आणि गेटवरचा वॉचमन आत सोडत नाही. भीमराजने एकदा त्याला “हितं माझी मशीन व्हती” असं सांगून पाहिलं होतं. वॉचमन म्हणाला, फ्लॅट नंबर सांगा.

थेरगावच्या डांगे चौकात उतरून दोघे हळूहळू सोजराबाईच्या घरी गेले. ती लेकीच्या घरी तळमजल्यावर राहायची. दाराशीच बसली होती, बहुतेक सकाळपासून.

“जय भीम, वहिनी.”

“जय भीम. या. झालं?”

भीमराजने चप्पल काढली, आत जाऊन भिंतीला टेकून बसला आणि पाण्याचा तांब्याही हातात न घेता म्हणाला, “वहिनी, माझ्याकडनं न्हाई झालं. त्यांची ओळ मला घेता आली न्हाई. नुसता कोरस गायलो. नाव बोलून दिलंय दिल्लीवाल्यांना, पर गाण्यात नाव न्हाई आलं. मला माफ करा.”

सोजराबाईने तांब्या त्याच्यापुढे सरकवला. रागावली का, दुखावली का, काही कळेना. “ऐकवा तर,” ती म्हणाली.

ज्योतीरामने मोबाइल जमिनीवर ठेवला आणि आवाज मोठा केला. ढोलकी सुरू झाली. तुकडा फिरला, समेवर आला, आणि मग ती शांतता. टाळी, ढोलकी, टाळी. भीमराजने मान खाली घातली. ती रिकामी जागा त्याला सभागृहात वाटली होती त्याहून मोठी वाटत होती. शेवटी कोरस आला, तेव्हा त्याने सुटका झाल्यासारखा श्वास सोडला.

दुसरं कडवं आलं. पुन्हा तेच. त्याला राहवेना. “वहिनी, हितं ते अंगठा गेला, सही आली...”

सोजराबाईने हात वर केला. “गप बसा की भावजी. ऐकू द्या.”

तिने डोळे मिटले होते. मान बारीक हलत होती, पण ती कोरसावर हलत नव्हती. कोरस आला की थांबायची आणि शांतता आली की हलायची. ज्योतीरामच्या ते आधी लक्षात आलं. त्याने भीमराजच्या गुडघ्याला हात लावला, तेव्हा कुठे भीमराजने मान वर करून पाहिलं.

शेवटचं कडवं आलं. बारीक झालेला ठेका, ते जास्तीचं आवर्तन, लांबच लांब जागा. सोजराबाईचे ओठ थोडे उघडले, कपाळावरची आठी सुटली, आणि तिच्या चेहऱ्यावर असं काही आलं की भीमराजने नजर दुसरीकडे वळवली, परक्याने बघायची ती गोष्ट नव्हती. मग कोरस आला, ढोलकीची तिहाई पडली आणि मोबाइल गप्प झाला.

बाहेर कुणाची तरी स्कूटर सुरू होत नव्हती. किक मारल्याचा आवाज येत राहिला.

“आज कुठं अडकले न्हाईत बघा,” सोजराबाई म्हणाली. तिने पदराने डोळे पुसले. “नाव किती सावकाश घेतलं.”

भीमराज पुढे सरकला. त्याने मोबाइल उचलला आणि विचारलं, “परत लावू?”

“लावा की,” ती म्हणाली. “पण जरा थांबून. दम लागला आसंल त्यांना.”

भीमराजने मोबाइल खाली ठेवला, आणि तिघेही थांबून राहिले.